आधी जोतं पाहा, मग नक्षी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहात आणि डिझर्टेशनसाठी 'प्राचीन अमेरिकी संस्कृतींपासून प्रेरणा घेतलेली आधुनिक वास्तुकला' हा विषय घेतला आहे. उदाहरणं चार: लॉस एंजेलिसचं एनिस हाऊस, त्याच शहराजवळ मोनरोव्हियातलं ॲझ्टेक हॉटेल, मेक्सिको सिटीचं राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय आणि बोलिव्हियात फ्रेडी मामानी बांधतात त्या रंगीबेरंगी इमारती. तक्त्यात तीन रकाने केले आहेत: मूळ संस्कृती कोणती, चिन्हं कोणती, ती इमारतीवर कुठे वापरली आहेत. गाइड म्हणतात, यातली निम्मी उदाहरणं नुसती नक्कल आहेत, ती काढा. म्हणून तुम्ही विचारताय की प्रेरणा आणि नक्कल यांच्यातली रेषा काढायची कुठे.

मला वाटतं, अडचण उदाहरणांत नसून तक्त्यात आहे. तुमचे तिन्ही रकाने घरी बसून, फोटो पाहून भरता येतात, आणि फोटो बहुतेक वेळा समोरून काढलेला असतो. समोरून दिसते ती नक्षी. नक्षीवरून तुलना केली तर ॲझ्टेक हॉटेल सगळ्यांत जास्त 'माया' (मेक्सिको-ग्वाटेमालाकडची प्राचीन संस्कृती) ठरेल आणि सिडनीचं ऑपेरा हाऊस तुमच्या यादीत येणारच नाही. या विषयावर एकच इमारत शिकवायची वेळ आली तर मी सिडनीचीच निवडेन. का, ते पुढे सांगते.

सगळीकडे चालेल अशी एकच रेषा माझ्याकडे नाही. इमारत कुठे आहे, कोणी कोणासाठी बांधली, कोणता दगड हाताशी होता, मजुरी स्वस्त होती की महाग, यावर उत्तर बदलतं. मी काही वर्षं मेक्सिको सिटीत एका आर्किटेक्टच्या कार्यालयात काम केलं, नंतर पुण्यात परत येऊन मुख्यतः दगडी बांधकामात रमले. तेव्हापासून अशी कुठलीही इमारत समोर आली की मी एकच गोष्ट विचारते: जुन्यातून जे उचललं आहे, ते या नव्या इमारतीत काय काम करतं? काम करत असेल तर ती प्रेरणा, मग ती दिसायला कितीही उघड असो. काहीच करत नसेल तर कितीही अमूर्त केलं तरी ती वरून चिकटवलेली गोष्टच राहते.

हे नीट कळायला मूळ वास्तूपासून सुरुवात करावी लागते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या उश्माल या प्राचीन माया शहरातला चौक घ्या. स्पॅनिश लोकांना तो मठासारखा वाटला, म्हणून त्याला 'ननांचा चौक' हे नाव पडलं; नन्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. मोकळ्या आवाराच्या चार बाजूंना चार लांबट इमारती आहेत, पण त्यांचे कोपरे एकमेकांना चिकटलेले नाहीत. चारही इमारतींची जोती वेगवेगळ्या उंचीची आहेत. उत्तरेची सगळ्यांत उंच, दक्षिणेची सगळ्यांत खाली. आत शिरायचं ते दक्षिणेच्या इमारतीतल्या एका उंच, टोकदार वाटेतून. शिरलं की समोर जिना, वर उत्तरेची इमारत आणि तिच्यावर आकाश.

आता खोल्यांमध्ये जा. त्या अरुंद आहेत. माया गवंड्यांकडे खरी कमान नव्हती. दोन्ही भिंतींवरून दगडाचा एकेक थर थोडा थोडा पुढे सारत आणायचा आणि वर झाकणाचा दगड ठेवायचा, ही त्यांची रीत. आपल्या यादवकालीन देवळांची छतंही थर पुढे सारूनच झाकली आहेत, त्यामुळे तुम्हाला हे तंत्र परकं वाटायला नको. या पद्धतीत खोली फार रुंद करता येत नाही. म्हणजे माणसांनी जमायचं ते खोलीत नाही, बाहेर, चौकात. भिंती, जिने, जोती हे सगळं त्या बाहेरच्या जागेला आकार देण्यासाठी. खालची भिंत जवळजवळ सपाट आणि वरचा पट्टा नक्षीने गच्च, कारण चौकात उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यांवरून तोच पट्टा दिसतो.

उश्मालहून काय घेता येईल, असं विचारलं तर तिथल्या नक्षीतले नाग आणि मुखवटे ही शेवटची उत्तरं. पहिलं उत्तर म्हणजे छप्पर नसलेली, पण बांधलेली खोली.

पेद्रो रामिरेझ वास्केस यांनी मेक्सिको सिटीच्या चापुल्तेपेक उद्यानात नेमकं हे घेतलं. त्यांनी राफाएल मिखारेस आणि खोर्खे काम्पुसानो यांच्याबरोबर केलेलं संग्रहालय सप्टेंबर १९६४ मध्ये उघडलं. लांब आयताकृती चौक आणि त्याच्या कडेने दालनं. मोठ्या संग्रहालयात माणूस का थकतो? एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मधे सुटका नाही. इथे कुठल्याही दालनातून तुम्ही थेट चौकात येता, उन्हात क्षणभर उभे राहता आणि पाहिजे त्या दालनात जाता. उश्मालचा चौक इथे येण्याजाण्याची व्यवस्था झाला. ते त्याचं काम.

नक्षीचंही तसंच. चौकाकडच्या खालच्या भिंती साध्या ठेवल्या आणि वरच्या मजल्याला मानुएल फेलगेरेस यांनी केलेली ॲल्युमिनियमची जाळी लावली. उश्मालचीच मांडणी: खाली सपाट, वर गच्च. पण जाळी ऊन अडवते, वरच्या मजल्याला सावली देते आणि चौकातून पाहताना नागाच्या अंगासारखी सरकत जाते. नाग ओळखू आला नाही तरी जाळीचं काम थांबत नाही.

चौकाच्या एका भागावर जे प्रचंड छत्र आहे, त्याला लोक 'एल पाराग्वास' म्हणजे छत्रीच म्हणतात. ऐंशी मीटरच्या आसपास लांब, पन्नास मीटरहून रुंद, आणि खाली एकच खांब. खांबावर होसे चावेस मोरादो यांचं उठावकाम आहे आणि त्याच्याभोवती वरून पाणी कोसळतं. या छत्राला माया वास्तुकलेत काहीही आधार नाही, ते साठच्या दशकातल्या अभियांत्रिकीचं अपत्य आहे. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या तक्त्यात अशा गोष्टीला जागाच नाही. प्रेरणा घेतलेल्या इमारतीत जे मुळात नव्हतं, ते काय आहे? तो रकाना कोरा असेल तर मला त्या इमारतीची काळजी वाटते.

आता सिडनी. ऑपेरा हाऊसचे डॅनिश वास्तुविशारद योर्न उत्झन १९४९ मध्ये मेक्सिकोत फिरले. उश्माल, चिचेन इत्झा, मोन्ते आल्बान ही प्राचीन अवशेषांची ठिकाणं पाहिली. १९६२ मध्ये त्यांनी जोती आणि पठारं या विषयावर एक लेख लिहिला. त्यातली माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट युकातानबद्दलची आहे. तिथली जमीन सपाट, झाडी दाट आणि जवळपास एकाच उंचीची. जंगलात राहणाऱ्या माणसाला दूरवर काही दिसत नाही. माया लोकांनी जोत्याचा माथा झाडांच्या शेंड्यांइतका उंच नेला. पायऱ्या चढून वर आलं की एकदम आकाश, ढग, वारा आणि क्षितिजापर्यंत पसरलेलं झाडांच्या माथ्यांचं मैदान. उत्झन म्हणतात की या एका युक्तीने त्यांनी आपल्या जगण्याला नवं परिमाण दिलं. जोतं म्हणजे इमारतीचा पाया, ही आपली समजूत इथे पालटते. जोतं हीच वास्तू आणि वर जे आहे ते तिचं निमित्त.

उत्झननी १९५७ मध्ये सिडनीची स्पर्धा जिंकली तेव्हा सगळ्या जगाने कवचांसारखी छतं पाहिली. सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारं रेखाचित्र, पाहा. खाली भलंमोठं जोतं आहे. गाड्या, सामानाची ने-आण, रंगपट, तालमीच्या जागा, यंत्रं असं सगळं त्याच्या पोटात. प्रेक्षक रुंद पायऱ्यांवरून वर येतात आणि शहराचा गलका खाली राहतो, समोर बंदर आणि आकाश. एकही माया चिन्ह नाही. तरी युकातानच्या गवंड्याने जोत्याकडून जे काम करून घेतलं तेच उत्झननी करून घेतलं: माणसाला त्याच्या रोजच्या पातळीवरून उचललं. १९७३ मध्ये इमारत उघडली तोवर त्यांना काम सोडून सात वर्षं झाली होती, पण जोतं त्यांचंच आहे.

तुमच्या यादीत नसलेली आणखी एक जागा जोडा: मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचं आवार, सिउदाद उनिवेर्सितारिया. मारिओ पानी आणि एन्रिके देल मोराल यांचा आराखडा, बांधकाम मुख्यतः १९४९ ते १९५२. फोटोत लोक हुआन ओ'गॉर्मन यांचं वाचनालय पाहतात, देशाच्या कानाकोपऱ्यातून आणलेल्या रंगीत दगडांचं मोझेइक. ते थोर आहेच. पण मी विद्यार्थ्यांना आधी स्टेडियमकडे नेईन.

ही सगळी जागा पेद्रेगाल म्हणून ओळखली जाते. सुमारे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी शित्ले नावाच्या ज्वालामुखीचा लाव्हा इथे पसरला आणि जवळच्या क्विक्विल्कोचा गोल पिरॅमिडही त्याने वेढला. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा लाव्ह्याचाच, पण कोट्यवधी वर्षं जुना. पेद्रेगालचा अगदी अलीकडचा, भोकाभोकांचा, हाताला खरखरीत. आउगुस्तो पेरेस पालासिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेडियम बांधताना मधला भाग खणला, निघालेली माती कडेला रचली, दाबली, आणि बैठकांचा मोठा भाग त्या भरावावरच बसवला. बाहेरच्या उतारांना तिथलाच लाव्ह्याचा दगड लावला. मेक्सिको सिटीजवळच्या प्राचीन तेओतिवाकान शहरातल्या पिरॅमिडांचाही गाभा भरावाचा आणि कवच दगडाचं. म्हणजे इथे आकार उचललेला नाही, बांधण्याची रीत उचलली आहे. आकार त्या रीतीतून आपोआप आला. खर्च वाचला, काँक्रीट वाचलं आणि ते प्रचंड स्टेडियम जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं. १९६८ च्या ऑलिंपिकचं मुख्य स्टेडियम तेच होतं.

शेजारीच आल्बेर्तो अराई यांचे फ्रोन्तोन आहेत, म्हणजे भिंतीवर चेंडू मारून खेळायची मैदानं. तो खेळ मुळात स्पेनमधल्या बास्क लोकांचा. त्याला एक उंच, भक्कम भिंत लागते. त्या भिंतीच्या पाठीमागे अराईंनी लाव्ह्याच्या दगडाचे पिरॅमिडसारखे निमुळते होत जाणारे बांध रचले. दूरचे ज्वालामुखी आणि ही मैदानं एकाच नजरेत येतात. युरोपातला खेळ, मेक्सिकोचा दगड, आणि उतार भिंतीला आधार देतो.

इथे परिस्थितीचा मुद्दा येतो. सत्तरच्या दशकात तेओदोरो गोन्सालेस दे लेओन आणि आब्राहाम साब्लुदोव्स्की यांनी काँक्रीटमध्ये संगमरवराची खडी घालून वरचा थर छिन्नीने ठोकून काढायला सुरुवात केली. एल कोलेहिओ दे मेक्सिको, १९७६. तामायो संग्रहालय, १९८१. भिंतीला दगडासारखी खोली येते, पावसाचे ओघळ त्या खडबडीतपणात विरून जातात. आपले वडार कारागीर ज्याला टाकी मारणं म्हणतात, तेच काम. पण ते हजारो चौरस मीटर भिंतीवर हाताने करायचं तर कुशल हात मुबलक आणि परवडणारे हवेत. जिथे मजुरी महाग, तिथे तशा भिंतीसाठी साच्यातून काढलेल्या नकली खडबडीतपणावर भागवावं लागतं, आणि तो ऊन तिरकं पडलं की लगेच ओळखू येतो. म्हणून एखाद्या इमारतीला 'भरीव' किंवा 'पोकळ' ठरवण्याआधी तिथला कामगार काय दराने मिळत होता, हेही पाहा.

आता तुमच्या मूळ यादीतल्या कॅलिफोर्नियाच्या दोघांकडे येऊ. १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे उश्मालच्या दर्शनी भागांचे आणि लाब्ना या दुसऱ्या माया ठिकाणच्या दरवाजाचे पूर्ण आकाराचे साचे उभे केले होते. फ्रँक लॉइड राईट तेव्हा त्याच शहरात स्वतंत्र व्यवसाय सुरू करत होते. प्राचीन अमेरिकी वास्तूंबद्दल लहानपणापासून कुतूहल होतं, असं त्यांनी उतारवयात लिहून ठेवलं आहे. त्यांचं एनिस हाऊस १९२४ चं. सोळा इंची चौकोनी काँक्रीटचे ठोकळे, सुमारे २७,००० आणि बहुतेकांवर साच्यातून उमटलेली नक्षी. ठोकळ्यांच्या कडांना खाचा. त्यात सळया आणि ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा), म्हणजे सगळं विणल्यासारखं. राईट त्यांना 'टेक्स्टाइल ब्लॉक' म्हणत.

इथे नक्षीचं साम्य दाखवून थांबू नका. उश्मालचा वरचा पट्टा एका दगडात कोरलेला नाही; आधी घडवून ठेवलेले हजारो तुकडे भिंतीवर जुळवून तो उभा केला आहे. तुकडा छोटा, पुन्हा पुन्हा येणारा, आणि जुळल्यावर भिंतभर नक्षी. राईटनी हीच पद्धत काँक्रीटच्या साच्यात आणली. आणि लॉस एंजेलिसच्या कोरड्या, कडक उन्हात त्या उठावाला सावली मिळते, भिंत दिवसभर बदलत राहते. म्हणजे नक्षी काम करते.

पण बांधकाम म्हणून ते घर सतत त्रास देत आलं आहे. ठोकळ्यांसाठी जागेवरचाच भुगा झालेला ग्रॅनाइट वापरला. त्यात अशुद्ध द्रव्यं होती. पाणी आत शिरलं, सळया गंजल्या, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडतं. १९९४ च्या भूकंपाने आणि २००५ च्या पावसाने मोठं नुकसान केलं. युकातानच्या गवंड्याच्या भिंतीत लोखंड नव्हतं. तिची जाडी हेच तिचं बळ. राईटनी मायांची तुकड्यांची पद्धत घेतली, पण भिंत पातळ केली आणि लोखंडावर टाकली. विसाव्या शतकात ते स्वाभाविकच होतं, फक्त लोखंड आलं की पाण्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो. त्यांचंच थोडं आधीचं हॉलीहॉक हाऊस पाहिलंत तर आत झुकलेल्या वरच्या भिंती दगडी वाटतात, पण आत लाकडी सांगाडा आणि वर गिलावा आहे. तिथे वजन दिसतं, असत नाही. माझं मत विचाराल तर एनिस हाऊस हॉलीहॉकपेक्षा मायांच्या जास्त जवळ आहे.

ॲझ्टेक हॉटेल रॉबर्ट स्टेसी-जड यांनी १९२५ च्या सुमाराला पूर्ण केलं. नाव ॲझ्टेक, पण नक्षी माया आहे. लोकांना माया हा शब्द फारसा ठाऊक नव्हता, ॲझ्टेक ठाऊक होता, म्हणून ते नाव. फ्रेडरिक कॅथरवुड यांनी १८४० च्या दशकात केलेली अवशेषांची चित्रं त्यांच्यासमोर होती. साधी, तेव्हाच्या पद्धतीची इमारत आणि तिच्या दारांभोवती, माथ्यावर, कोपऱ्यांवर जोडकाम केलेली नक्षी. सेक्शन काढा आणि नक्षी खोडा. इमारत तशीच चालते. पण गाइड सांगतात म्हणून ती काढू नका. तिथल्या नक्षीचंही एक काम होतं: रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी थांबवणं. पुढे रूट ६६ म्हणून प्रसिद्ध झालेल्या मार्गाच्या कडेला ती उभी आहे. तुमच्या अभ्यासात तिची जागा ठाम आहे, कारण तिच्याशी तुलना केल्याशिवाय बाकीच्या इमारती काय वेगळं करतात ते दाखवता येणार नाही.

इथवरचं थोडक्यात: उश्मालहून चौक घेऊन मेक्सिको सिटीच्या संग्रहालयाने येण्याजाण्याची व्यवस्था केली, सिडनीने जोतं घेऊन माणसाला वर उचललं, स्टेडियमने भरावाची रीत घेतली, राईटनी तुकड्यांची पद्धत घेतली, मोनरोव्हियाने जाहिरात घेतली. यावरून कोणी म्हणेल, सेक्शन उचलला तर चांगलं, नक्षी उचलली तर वाईट. बहुतेक कॉलेजांत असंच शिकवतात, आणि तुमच्या गाइडचं मतही त्यातून आलं असावं. मामानींच्या इमारती समोर आल्या की हा नियम पुरत नाही.

एल आल्तो हे बोलिव्हियातल्या ला पासच्या वरचं शहर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच. बहुसंख्य लोक आयमारा, म्हणजे तिथल्या मूळ समाजाचे. बहुतेक घरं गिलावा न केलेल्या लाल विटांची, वर थंड, करडं पठार. मामानी स्वतः आयमारा. गवंडीकाम करत वर आले. त्यांच्या इमारती हिरव्या, केशरी, निळ्या, गुलाबी. चढत-उतरत्या पायऱ्यांसारख्या आकृत्या, वर्तुळं, आन्दियन क्रॉस म्हणजे चकाना. काही बोलिव्हियातल्या तिवानाकू या प्राचीन शहराच्या दगडांवरून आलेलं, काही आयमारा बायका पाठीवर बांधतात त्या आग्वायोच्या विणीतून.

सेक्शन काढला तर तिवानाकूचं त्यात काहीच सापडत नाही. तळाला दुकानं. त्यावर दोन मजली उंच समारंभाचा हॉल, झुंबरं, आरसे, रंगीत खांब. लग्नं, जत्रा, नाच. त्यावर भाड्याची घरं. अगदी वर, थोडं मागे सरकून, मालकाचं वेगळ्या छपराचं घर. म्हणजे सेक्शन आयमारा व्यापाऱ्याच्या आजच्या अर्थव्यवस्थेचा: खालचे मजले कमावतात, वर कुटुंब राहतं. सांगाडा साधा काँक्रीटचा. नियम लावला तर ही इमारत मोनरोव्हियाच्या रांगेत जाते.

पण नक्षी इथे काय काम करते ते पाहा. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शहराच्या मध्यवर्ती भागात मान नव्हता, ते लोक आपल्या शहराच्या मुख्य रस्त्यावर आपल्या रंगांत उभे राहतात. समोरून जाणाऱ्या बाईच्या पाठीवर तेच रंग आहेत. मालकाने पाया घालताना पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य दिलेला असतो. ज्याच्यासाठी ही चिन्हं आहेत, त्याला ती वाचता येतात. मोनरोव्हियाच्या हॉटेलात मुक्काम करणाऱ्याला एकही चिन्ह वाचता येत नव्हतं आणि वास्तुविशारदालाही नाही. फरक इथे आहे. दोन्हीकडे नक्षी दर्शनी भागावरच आहे. एकीकडे ती बोलते आणि ऐकणारा समोर उभा आहे. या इमारतींना भडक म्हणून निकालात काढणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

म्हणून हे सगळं घेण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न तुमच्या अभ्यासात टाळू नका. चापुल्तेपेकच्या संग्रहालयाच्या दारात तलालोक (पावसाचा देव) म्हणून ओळखला जाणारा प्रचंड दगड उभा आहे, दीडशे टनांहून जड. तो १९६४ मध्ये सान मिगेल कोआत्लिन्चान गावातून आणला. गावकऱ्यांचा कडवा विरोध होता. सैन्य आणावं लागलं. ज्या इमारतीने उश्मालचा चौक इतक्या समजुतीने घेतला, तिनेच जिवंत गावाचा दगड असा घेतला. आतही खालच्या मजल्यावर पुरातत्त्व, वरच्या मजल्यावर आजच्या आदिवासी समाजांचं जगणं. मी गेले तेव्हा वरचा मजला खालच्यापेक्षा नेहमी मोकळा असे. कवी ओक्ताविओ पाझ यांनी, जे आपल्याकडे मेक्सिकोचे राजदूत होते, या संग्रहालयावर कडक टीका केली: सगळी मांडणी मेशिकांच्या, म्हणजे ॲझ्टेकांच्या गौरवाकडे नेते आणि संग्रहालयाचं देऊळ होतं. मला ती टीका पटते आणि तरी तो चौक मला विसाव्या शतकातल्या उत्तम जागांपैकी एक वाटतो. दोन्ही लिहा. एक झाकून दुसरं लिहिलंत तर प्रबंध अर्धाच होईल.

प्रत्यक्ष कामाला कसं लागाल ते सांगते. चारही उदाहरणं ठेवा, सिडनी आणि विद्यापीठाचं स्टेडियम जोडा. सहाही इमारतींचे सेक्शन एकाच स्केलला काढा आणि प्रत्येकाशेजारी ज्या जुन्या वास्तूचा संबंध सांगितला जातो तिचाही सेक्शन त्याच स्केलला. माणूस उभा दाखवा, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर काय येतं ते कळेल. उश्मालच्या चौकाचा आणि चापुल्तेपेकच्या चौकाचा प्लॅन एकावर एक ठेवून पाहा. कोपरे कुठे उघडे आहेत आणि कुठे मिटले, यातच अर्धा अध्याय निघेल. भिंतीची जाडी मोजा, ती कशाची बनली आहे ते लिहा, पाणी कुठे जातं तेही.

तक्त्यातला 'मूळ संस्कृती' हा रकाना मोडून बारीक करा. माया आणि इंका यांच्यामध्ये अंतर, काळ, हवामान सगळंच वेगळं. युकातानच्या सपाट जंगलात जोत्याचं जे काम, ते आन्देसच्या उतारावर नाही. तिथे दगडी पायऱ्यांची शेतं डोंगर धरून ठेवतात, पाणी मुरवतात. 'प्राचीन अमेरिकी' असा एक गट करून तुलना केलीत तर हा फरक पुसला जाईल. 'चिन्हं' या रकान्याच्या जागी दोन रकाने करा: काय उचललं, आणि ते इथे काय काम करतं. मग एक रकाना, नवं काय आहे. शेवटचा: हे कोणाला वाचता येतं.

मामानींच्या इमारतीसमोर हा शेवटचा रकाना भरताना बाहेरून आलेल्या समीक्षकांचे लेख बाजूला ठेवा आणि आयमारा लोकांच्या मुलाखती शोधा, स्पॅनिशमध्ये बऱ्याच मिळतात. स्पॅनिश येत नसेल तर कामचलाऊ भाषांतर चालेल. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यानंतर सेक्शन पाठवलेत तर मी ते पाहीन आणि जिथे जोत्याची पातळी चुकली असेल तिथे खूण करून परत पाठवीन.